मे महिन्यातलं धुकं

माझी बायको रेवती गेली तेव्हा ती माझ्या डोक्यावर होती. कोलकात्याहून मुंबईला जाणारी विमानं नागपूरवरून जातात आणि आमच्या विमान कंपनीची, राष्ट्रीय व्योमसेवेची, कंट्रोल रूम नागपूरलाच आहे. मी खाली माझ्या टेबलापाशी बसलो होतो. ती छत्तीस हजार फुटांवर, बाराव्या रांगेत, खिडकीजवळ. खाली धावपट्टी रिकामी होती. विमानतळाच्या दारात चांगलं मोठं हॉस्पिटल आहे. विमान उतरलं नाही. मुंबईला मात्र वेळेआधी पोचलं.

मी डिस्पॅचर आहे. हे काम बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. वैमानिक विमान चालवतो. ते कुठल्या वाटेनं जाईल, किती इंधन घेईल, मध्येच काही झालं तर कुठं उतरेल, हे जमिनीवर बसून डिस्पॅचर पाहतो. पूर्वी कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असायचे. आता एकच असतो आणि दुसऱ्याची खुर्ची आमच्या टेबलांनी घेतली आहे. वाटेत उतरायचं तर वैमानिकाबरोबर आमचीही संमती लागते.

त्या दिवशी ते विमान माझ्याच टेबलावर यायचं होतं. रेवती बँकेच्या कामासाठी कोलकात्याला गेली होती आणि तिथून परस्पर मुंबईला, बहिणीच्या नातवाच्या बारशाला निघाली होती. मी ते विमान शेजारच्या वंदना मेश्रामकडे दिलं. आमच्याकडे तसा रिवाज आहे. घरचं माणूस विमानात असलं की ते विमान दुसऱ्याच्या टेबलावर द्यायचं. आपल्या माणसासाठी हात थरथरतो म्हणून.

"द्या इकडे," वंदना म्हणाली. "वहिनींना म्हणा, संदेश मिठाई आणली नाही तर उतरू देणार नाही मी."

दुपारी तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चहाचं विचारते आहे. मी मान हलवली, नको म्हणून.

*

आमच्या विमानांच्या खुर्च्यांमध्ये 'दक्ष' नावाची यंत्रणा आहे. साथीच्या वर्षांनंतर ती आली. खुर्चीच्या गादीत एक पातळ पापुद्रा असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माणसाचं सगळं शरीर केसाएवढं हलतं. आपल्याला ते कळत नाही, पापुद्र्याला कळतं. डोक्यावर हवेची जी तोटी असते तिच्यात एक चिप असते, ती श्वासाचा वास घेते. साखर वाढली, रक्तात विष पसरलं, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली, की श्वास बदलतो. ठोका आणि श्वास एकत्र करून दक्षला आजार ओळखता येतो. पुष्कळदा आजाऱ्याच्याही आधी. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. हे यंत्र चांगलंच आहे.

पण आजार ओळखणं वेगळं आणि विमान उतरवणं वेगळं. आजारी माणसाबद्दल दक्ष शंभरापैकी एक आकडा देतं. आत्ता जवळ उतरलो तर या माणसाला किती फायदा होईल, याचा तो आकडा. तो कितीच्या वर गेला की उतरायचं? आम्ही त्याला रेषा म्हणतो. ही रेषा ठरवायला कुणी तयार होईना. विमान मध्येच उतरलं की इंधन जातं, दीडशे लोकांची पुढची विमानं चुकतात, दिवसभराचं वेळापत्रक कोलमडतं. एका जिवासाठी हे कितपत सोसायचं, याच्या कागदावर सही कोण करणार? मग एक तोड निघाली. व्योमसेवेच्या मागच्या वर्षांतल्या उड्डाणांची सगळी माहिती दक्षला दाखवायची. आपल्या कॅप्टनांनी कुठल्या आजाऱ्यासाठी विमान उतरवलं आणि कुणासाठी नाही, हे पाहून त्यानं आपलं आपण शिकायचं. 'अनुभवी कॅप्टनांचं शहाणपण' अशी त्याची जाहिरात झाली होती. शिकून झाल्यावर दक्षची रेषा एकाहत्तरवर येऊन थांबली.

रेवतीचा आकडा चौसष्ट होता.

हे मला वंदनानंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"सर, मी पाहून राहिली होती. पायातली गाठ फुप्फुसात गेली, असं दक्षनं दाखवलं. चौसष्ट आकडा दिला आणि 'पुढे जा' म्हटलं. मी जाऊ दिलं."

"मी हातभर अंतरावर बसलो होतो, वंदना."

"सांगायचा नियम नाही ना सर. आणि सांगितलं असतं तर तुम्ही उतरवलंच असतं. रेषेच्या खाली उतरवलं की नाव लागते, खुलासा लागते." ती थांबली. "खरं सांगू? मले माझी नोकरी दिसली. वहिनी नाही दिसल्या."

मी तिला आत ये म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही.

*

दहाव्यानंतर कॅप्टन बुटी भेटायला आले. व्योमसेवेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. वय अठ्ठ्याहत्तर. धरमपेठेत एकटेच राहायचे. बोलका माणूस. सांत्वनाला आले तरी गप्प बसवत नसे त्यांना.

"आमच्या वेळेला हे झालं नसतं रे मिलिंदा," ते म्हणाले. "आम्ही उतरत होतो. माणूस आजारी आहे नं? मग उतरा. बाकीचं मागून पाहू."

मला राग आला. "कशाला बोलता, कॅप्टन? दक्ष तुमच्याच वेळच्या रेकॉर्डवरून शिकलं आहे. आजाऱ्यासाठी कुणी उतरल्याचं त्यात क्वचितच दिसतं."

"रेकॉर्ड!" बुटी हसले. दुःखाच्या घरात आहोत हे विसरून मोठ्यानं हसले. "अरे बापा, मे महिन्यात चेन्नईला धुकं पाडलंय मी!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तोट्याचे दिवस होते. पेट्रोल कंपन्या उधार देत नव्हत्या. तेव्हा हेडऑफिसनं फतवा काढला. आजारी प्रवाशासाठी विमान उतरवलं, की कॅप्टननं दिल्लीला येऊन खुलासा द्यायचा. तिथं पोरगेलेसे साहेब विचारायचे, 'पेशंट आणखी दीड तास थांबू शकत नव्हता का?' दोन खुलासे झाले की प्रमोशन गेलं. पण हवामानाला खुलासा नव्हता. हवामान म्हणजे देवाची करणी. तिथं साहेब काय विचारेल? मग आम्ही सगळे हवामानच लिहायला लागलो. बाळंतीण अडली, लिहा धुकं. हार्ट अटॅक आला, लिहा वादळ. वादळाचा कंटाळा आला की पक्षी धडकवायचा. एका वर्षी नागपूरला इतके पक्षी धडकले, की गावात श्राद्धाला कावळा उरायला नको होता."

ते पुन्हा हसले. मी हसलो नाही.

"चेन्नईचं धुकं तर गाजलं होतं," ते सांगत राहिले. "दिल्लीहून निघालो होतो. एका म्हाताऱ्या मास्तरला झटका आला. उतरवलं नागपूरला. वाचला तो. कारण काय लिहू म्हटलं, तर माझा को-पायलट म्हणाला, लिहा चेन्नईला धुकं. भर मे महिन्यात! मी लिहिलं, आणि कुणी वाचलंसुद्धा नाही. मग ती शक्कल सगळ्यांनीच उचलली. डोकं होतं पोराला. मोहोळकर. आता तुमचा डायरेक्टर आहे नं, तोच."

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं रे?"

काय झालं ते मला एकदम दिसलं होतं. त्या कॅप्टनांनी माणसं वाचवली होती, पण ती वाचवलेली माणसं धुक्याच्या खात्यात गेली होती. आजाऱ्यांच्या खात्यात उरली फक्त न उतरवलेली. दक्षनं ते खातं पाहिलं आणि शिकलं, की या कंपनीचे शहाणे कॅप्टन आजाऱ्यासाठी सहसा उतरत नाहीत. रेषा म्हणून इतकी वर गेली. आणि दक्षला शिकवण्याचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं, ते होते ऑपरेशन्सचे डायरेक्टर, कॅप्टन निरंजन मोहोळकर. धुक्याची शक्कल ज्यांनी काढली तेच. 'हे धुकं खरं नाही' एवढं एक वाक्य ते बोलले असते, तर रेवती आज घरी असती.

*

मोहोळकरांची केबिन आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. त्यांनी मला लगेच बोलावलं, उठून हातात हात घेतला.

"फार वाईट झालं, देशकर. बसा."

"सर, धुक्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"कसलं धुकं?"

"मे महिन्यातलं. चेन्नईचं."

त्यांनी नाकारलं नाही. तसा हुशार माणूस. दार लोटून आले आणि हळू आवाजात बोलले. "त्या काळी दोनशे कॅप्टन होते. प्रत्येकानं खोटी नोंद सही करून दिलेली. मी तोंड उघडलं असतं तर त्यांची पेन्शन, त्यांचे परवाने, सगळ्यांची चौकशी. अर्धे म्हातारे झाले होते. त्यांना कोर्टात उभं करू? आणि दक्ष काही वाईट चाललेलं नाही. वेळेवर पोचण्यात आपण देशात पहिले आहोत."

"माझी बायको वेळेआधी पोचली."

ते खुर्चीवर जाऊन बसले. मग म्हणाले, "दुःखात माणूस कशालाही काही जोडतो. मी समजू शकतो. पण बाहेर बोलाल तर पुरावा द्यावा लागेल. बुटी लिहून देणार आहेत?"

मी तिथूनच बुटींकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मी लिहून मागितल्यावर झोपाळा थांबला.

"तोंडानं बोललो ते बोललो रे. लिहून नाही देणार. सत्तर-ऐंशी जण अजून जिवंत आहेत. म्हातारपणी त्यांच्या पोटावर पाय देऊ?"

"आणि माझं काय?"

"तुझं तर आता होऊन गेलं नं..." त्यांनी जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता.

मी जिना उतरलो. माझ्या रागाच्या यादीत तोवर एकच नाव होतं. तिथं दोन झाली.

*

मला नुकसानभरपाई नको होती. चौकशीही नको होती, चौकश्या कशा होतात ते मी नोकरीत पाहिलं आहे. मला मोहोळकरांच्या तोंडून ते वाक्य हवं होतं, आणि तेही आमच्या लाइनवर. विमान आणि कंट्रोल रूम यांच्यात जे बोललं जातं ते सगळं साठवलं जातं. ते पुसता येत नाही, डायरेक्टरलाही नाही. शिवाय दक्ष त्यातूनही शिकतं. एकदा का ते वाक्य लाइनवर आलं, की रेषा खाली आणावीच लागली असती. पण खरं सांगायचं तर रेषेचं मला नंतर सुचलं. आधी मला त्या माणसाला सगळ्यांसमोर तोंड उघडायला लावायचं होतं. त्यानंतर तो जगला काय, मेला काय.

मोहोळकर विमानात असले की मी ते विमान मागून माझ्या टेबलावर घेऊ लागलो. पडद्यावर त्यांची खुर्ची उघडून ठेवायचो. ठोके नियमित, श्वास स्वच्छ, आकडा शून्य. पन्नाशी उलटली तरी माणूस ठणठणीत. मी तासन् तास त्याच्या हृदयाचे ठोके पाहत बसायचो आणि एखादा चुकावा म्हणून वाट बघायचो.

"सर," वंदना एकदा म्हणाली, "तुम्ही कशाची वाट पाहून राहिले, कळते मला."

"मग गप्प बस."

"बसते. पण वहिनी असत्या नं, तर तुमच्या हातचं पाणी नसत्या प्याल्या."

"वहिनी का नाहीत ते तुला माहीत आहे."

ती उठून गेली. परत आली तेव्हा डोळे धुऊन आली होती. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलायचो. जेवणाचा डबा मात्र ती अर्धा माझ्या टेबलावर ठेवायची, पूर्वीसारखाच. मी तो उघडत नसे.

*

मग व्योमसेवेला पंचाहत्तर वर्षं झाली.

या कंपनीनं बरंच पाहिलं होतं. प्रोपेलरची विमानं, पानाचे विडे देणाऱ्या हवाईसुंदऱ्या, मंत्र्यांसाठी तासभर थांबवलेली उड्डाणं, संप, तोटा, विक्रीची टांगती तलवार, आणि शेवटी नव्या विमानांनी झालेला पुनर्जन्म. उत्सव म्हणून एक खास उड्डाण ठरलं. दिल्ली ते चेन्नई. प्रवासी कोण, तर हयात असलेले जुने कॅप्टन. सगळे जुन्या गणवेशात. यजमान मोहोळकर. कल्पना त्यांचीच होती.

ते विमान मी माझ्याकडे घेतलं. कुणी आडकाठी केली नाही. माझ्या घरचं त्यात कुणी नव्हतं.

पडद्यावर विमानाच्या खुर्च्या दिसत होत्या. सत्तरच्या वरची माणसं, सगळ्यांचेच आकडे थोडेफार हलत होते. उत्सवासाठी लाइन केबिनच्या स्पीकरला जोडली होती, तिच्यावर तिथली गाणी ऐकू येत होती. भोपाळ मागे पडलं आणि चौथ्या रांगेतली एक खुर्ची पिवळी झाली. नाव पाहिलं. बुटी.

मेंदूत रक्ताची गाठ, असं दक्षनं दाखवलं. आकडा अठ्ठावन्न. वय जास्त म्हणून फायदा कमी, असा त्याचा हिशेब. सूचना: पुढे जा.

गाणं बंद पडलं. वैमानिकाचा आवाज आला. "कंट्रोल, कॅप्टन बुटींचं तोंड वाकडं झालंय. हात उचलता येत नाहीये. दक्ष नाही म्हणतंय, पण मला नागपूरला उतरायचंय. संमती द्या."

माझ्यासमोर कारणांची चार बटणं होती. हवामान, तांत्रिक, वैद्यकीय, इतर. रेषेच्या खाली 'वैद्यकीय' दाबायचं तर आपलं नाव लावून खुलासा द्यावा लागतो. अधिकार मला होता. मी हात मांडीवर ठेवला.

"डायरेक्टर विमानात आहेत," मी म्हणालो. "त्यांना लाइनवर घ्या."

मोहोळकर आले. मागे म्हाताऱ्यांचा गलका ऐकू येत होता. कुणी 'उतरवा, उतरवा' म्हणत होतं, कुणी इंग्रजीत शिव्या देत होतं.

"देशकर, नागपूरला घेतोय. संमती द्या."

"कारण काय लावू, सर?"

"हवामान लावा."

"नागपूरवर आकाश स्वच्छ आहे. चेन्नईलाही धुकं नाही."

मग ते म्हणाले, "तांत्रिक लावा. काहीही लावा. देशकर, वेळ नाही."

"विमान उत्तम आहे, सर. नवं कोरं. कारण सांगा."

"तुम्ही काय करताय कळतंय का तुम्हाला? बुटी आहेत हे!"

"कळतंय. दक्ष 'पुढे जा' म्हणतंय. दक्ष जुन्या कॅप्टनांकडून शिकलंय. ते सगळे तुमच्या आजूबाजूला बसलेत. त्यांनाच विचारा, असल्या वेळी ते काय करायचे."

गलका एकदम थांबला. केबिनमधल्या प्रत्येकाला हे ऐकू जात होतं. त्या शांततेत बुटींच्या घशाचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसताच आवाज. पडद्यावर नागपूर जवळ येत होतं. उतरायचं तर विमानाला आताच खाली यायला हवं होतं. नंतर हैदराबादशिवाय काही नव्हतं.

वंदनानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "सर, माणूस मरून राहिला तिथं."

"माहीत आहे."

"मग दाबा ना."

"आधी तो बोलेल."

मला तेव्हा बुटींची दया आली नाही. जी गोष्ट होती ती सांगतो. 'तुझं होऊन गेलं' असं म्हणालेला माणूस होता तो. आणि मोहोळकर माझ्या मुठीत होते, पहिल्यांदाच. ही मूठ पुन्हा मिळणार नव्हती.

"वैद्यकीय," मोहोळकर म्हणाले. आवाज फाटला होता. "वैद्यकीय लावा. माझ्या नावावर."

"आकडा रेषेखाली आहे, सर. रेषा इतकी वर का आहे?"

"देशकर, प्लीज."

"का आहे?"

"कारण आम्ही उतरायचो!" ते ओरडले. "दरवेळी उतरायचो आणि धुकं लिहायचो. ते धुकं खोटं होतं. दक्षला शिकवलं तेव्हा मला माहीत होतं. झालं? आता संमती द्या!"

झालं होतं. लाइनवर आलं होतं. पुसता येणार नव्हतं. मला बटण दाबायला हवं होतं, पण माझं पोट भरेना. मी म्हणालो, "रेवती देशकर. बारावी रांग. तिचा आकडा चौसष्ट होता, सर. बुटींपेक्षा जास्त. तिचं नाव घ्या."

माझ्या समोरून एक हात गेला. वंदनानं वाकून माझ्या टेबलावरचं 'वैद्यकीय' दाबलं, खाली स्वतःचं नाव लावलं आणि माइक माझ्याकडून ओढून घेतला.

"नागपूर मोकळं आहे, कॅप्टन. या खाली. ॲम्ब्युलन्स धावपट्टीवर येऊन राहिली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी नाही दाबलं. आज तरी दाबू द्या."

*

बुटी वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं. आयुष्यभर बोलत आलेला माणूस आता तळहातावर बोट आपटून पाणी मागतो. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी थोडा वेळ बसलो आणि निघून आलो.

मोहोळकरांची नोकरी गेली. त्या विमानातले म्हातारे चेन्नईच्या समारंभाला गेलेच नाहीत. ते नागपूरलाच थांबले आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूमच्या बाहेर येऊन बसले. एकेक जण आत यायचा आणि आपलं धुकं सांगायचा. हे वादळ म्हणजे पाटण्याची बाई होती. हा पक्षी म्हणजे एक जवान होता, सुट्टीवर निघालेला. सरकारनं त्यांच्या पेन्शनला हात लावला नाही. दक्षला सगळं नव्यानं शिकवायला घेतलं आणि त्या कामावर वंदनाला नेमलं. रेषा खाली येऊ लागली. साठ झाली, मग पन्नास.

एका दुपारी वंदना माझ्या टेबलापाशी आली.

"सर, त्या खास उड्डाणाचं एक राहून गेलं. वैमानिकानं संमती मागितली तिथपासून मी बटण दाबलं तिथपर्यंतचा वेळ. संमती तुमच्याकडे अडकली होती. दक्षला त्याचं कारण हवं."

"मोहोळकरांचं बोलणं ऐकलंय ना त्यानं?"

"ते त्यांचं झालं. तुम्ही काहून थांबले, ते विचारते. रिकामं सोडलं तर ते समजेल, जाणत्या डिस्पॅचरनं असं थांबायचं असते. पुढच्या वेळी ते पण थांबेल."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लाइन खराब होती, असं टाकू का? कुणी नाही विचारणार. तुमच्या नोकरीची तीन वर्षं राहिली फक्त. मी टाकते, सर."

तिनं ते मनापासून विचारलं होतं. माझ्या भल्यासाठी. मला एकदम मोहोळकरांची बंद दाराची केबिन आठवली, त्यांचा तो हळू आवाज. मी 'हो' म्हणालो असतो तर वंदनानं दोन शब्द टाइप केले असते आणि जेवायला गेली असती. इतकं सोपं होतं ते. त्यांनाही असंच सोपं गेलं असणार. या विचारानं मला त्यांचा जास्तच संताप आला.

"लिही," मी म्हणालो. "प्रवासी मरतोय हे डिस्पॅचरला माहीत होतं. संमतीचा अधिकार होता. मोहोळकरांवर सूड घ्यायचा होता, म्हणून दिली नाही."

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं. "याच्यानं लायसन जाते, सर. खटला पण होऊ शकते."

"होऊ दे. खाली आणखी एक लिही. मोहोळकरांना अजून माफ केलेलं नाही."

वंदनानं पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्याला रकाना नाही, सर," ती म्हणाली आणि दक्षला पुढचं विमान दाखवायला लागली.